सीएचा कॅल्क्युलेटर आणि सीएफएचा कॅल्क्युलेटर: एकात दोन्ही भागत नाही

नाशिकला कॉलेज रोडवरची कॉमर्सची मुलं हल्ली सीए आणि सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाची आंतरराष्ट्रीय परीक्षा) एका दमात बोलतात. काही जण दोन्ही सोबतच करायला घेतात आणि ‘चांगलासा एकच कॅल्क्युलेटर’ आणायला एम. जी. रोड गाठतात. तसं करू नका. दोन्हीकडचे नियम मुळातच वेगळे आहेत.

सीएच्या परीक्षेत मॉडेलचं नाव सांगत नाहीत, यंत्र कसं असावं ते सांगतात: बॅटरीवर चालणारं, आवाज न करणारं, जास्तीत जास्त ६ फंक्शन, १२ अंक, २ मेमरी. दुकानात ‘बारा डिजिटचा’ म्हणतात तो हाच. सीएफएत मात्र नावंच ठरलेली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस, नाहीतर एचपी १२सी; त्यांचे प्रोफेशनल, प्लॅटिनम हे प्रकारही चालतात. बाकी कुठलाही चालत नाही, अगदी साधा बारा डिजिटवालासुद्धा. आणि बीए टू प्लस सीएच्या हॉलमध्ये चालत नाही. घरातल्या इंजिनिअर दादाचा एफएक्स-९९१ हा सायंटिफिक कॅल्क्युलेटर तर दोन्हीकडे बाद.

फरक कळायला एक गणित पुरे. दरवर्षी १ रुपया, ३ वर्षं, व्याजदर १०%, आजची किंमत काढा. साध्या कॅसिओवर १.१ दाबा, भागाकार दोनदा, मग १, आणि बरोबरचं बटण तीनदा. ०.९०९, ०.८२६, ०.७५१ असे आकडे येत जातात आणि जीटी (ग्रँड टोटल, म्हणजे आलेल्या उत्तरांची बेरीज) दाबलं की २.४८६८५. (जीटी आधी रिकामं हवं, नाहीतर मागचं गणित त्यात मिसळतं.) बीए टू प्लसवर एन (वर्षं) ३, आय/वाय (व्याजदर) १०, पीएमटी (दरवर्षीची रक्कम) १, एफव्ही (शेवटची रक्कम) ०, मग सीपीटी (उत्तर काढ) आणि पीव्ही (आजची किंमत): चार दशांश ठेवले तर उणे २.४८६९. उणे बघून घाबरू नका. येणारा पैसा अधिक, जाणारा उणे, अशी त्याची रीत आहे.

मला दोन्ही नियम पटतात. सीएच्या पेपरात वर्किंग नोट्सना मार्क असतात, तिथे पायऱ्या दिसायलाच हव्यात. सीएफएच्या पहिल्या लेव्हलला साडेचार तासांत १८० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. तिथे पायऱ्या मांडत बसायला वेळच नाही.

बीए टू प्लस घेतलात तर आणल्या दिवशीच २ + ३ × ४ करून बघा. नवा कोरा असेल तर २० दाखवेल, कारण तो आकडे आले तसे क्रमाने सोडवतो. फॉरमॅटमध्ये जाऊन सीएचएनचं (क्रमाने सोडवणं) एओएस (आधी गुणाकार-भागाकार) करा, म्हणजे १४ येईल. एचपी १२सीवर तर मूळ पद्धतीत बरोबरचं बटणच नसतं, आधी आकडे आणि मग क्रिया. क्लासमध्ये शेजारी बसणाऱ्यांकडे बीए टू प्लस असेल तर तोच घ्या, अडलं की विचारता येतं. सीएसाठी मात्र आर्टिकलशिपमध्ये (सीएच्या ऑफिसातल्या उमेदवारीत) रोज हाताखाली असलेलाच न्या, फक्त ६ फंक्शन, १२ अंक, २ मेमरी हे वरचे तीन आकडे एकदा ताडून घ्या. परीक्षेच्या हॉलमध्ये दुसऱ्या परीक्षार्थीचा मागून घेता येत नाही.