सर्व्हर बसला तर फोन कुणाला करायचा (आणि एकाच वेळी दोघांना का नाही)

नमस्कार. आमच्या जुन्या-नव्या सगळ्या ग्राहकांसाठी हे पत्रक, कारण आठवड्यातून तीन-चारदा तोच प्रश्न येतो, तुमची कंपनी नक्की कुठली आणि अडलं तर जबाबदार कोण?

आम्ही नाशिकमधले सहा जण आहोत, तुमच्या ऑफिसचे सर्व्हर आणि सॉफ्टवेअर सांभाळणारे. कंपनी नाही, प्रत्येकाचं काम आपापलं आणि बिलही आपापलं. एक जण ईआरपीनेक्स्ट (हिशोब, स्टॉक, बिलं एकत्र सांभाळणारं ईआरपी सॉफ्टवेअर) बघतो, एक नेटवर्क आणि फायरवॉल, एकाकडे नेक्स्टक्लाउड (स्वतःच्या सर्व्हरवर फायली ठेवायचं सॉफ्टवेअर) आणि बॅकअप, एक जण जुन्या मराठी फॉन्टमधल्या फायली युनिकोडमध्ये आणून लिब्रेऑफिसवर (एमएस ऑफिससारखं फुकट सॉफ्टवेअर) बसवून देतो, असं. तुमच्याकडे जो पहिल्यांदा आला तो तुमचा माणूस, बाकीच्यांना लागेल तसं तोच बोलावतो.

आता ज्यात सगळ्यांचा वेळ जातो ते सांगतो. काहीतरी अडलं की मालक एकाला फोन करतात, दहा मिनिटांत झालं नाही की दुसऱ्याला करतात आणि पहिल्याला सांगत नाहीत. अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये हेच झालं. साडेअकराला ईआरपी थांबलं, कारण एवढंच की सर्व्हरची डिस्क भरली होती आणि मारियाडीबीला (ईआरपीचा डेटाबेस) लिहायला जागा नव्हती, आमचा एक जण घरून लॉगिन करून जुने बॅकअप हलवत होता, वीस मिनिटांचं काम. तेवढ्यात दुसऱ्याला फोन गेला की डेटाबेस उडाला, लवकर या. तो तिथे पोचेपर्यंत जागा झाली होती, पण त्याने फोनवरचं ऐकून थेट रात्री दोनचा बॅकअप चालू डेटावर रिस्टोर केला. सकाळपासूनची चलनं गेली. दोन गाड्या गेटवर उभ्या, आणि स्टोअरचा मुलगा कार्बन कॉपी बघून एकेक एंट्री परत टाकत बसला, संध्याकाळ झाली त्याला.

यात आमचीही चूक होती, दुसऱ्याने विचारायला हवं होतं. म्हणून आता नियम केलाय, सर्व्हरवर गेलं की आधी 'हू' कमांड मारून आत कोण बसलंय ते बघायचं, त्याला फोन करायचा, मगच हात लावायचा. पण तुमच्या बाजूनेही एवढं करा की माणूस बदलायचा असेल तर पहिल्याला स्पष्ट सांगा. आम्हाला राग येत नाही.

दुसरं म्हणजे वही. प्रत्येक ग्राहकाकडे आम्ही एक साधी दोनशे पानी वही ठेवतो, कोणत्या तारखेला कुणी काय बदललं, बॅकअप कुठे जातो, डोमेन कुणाच्या नावावर आहे (तुमच्याच नावावर असलं पाहिजे, आमच्या नाही). रूट पासवर्ड (सर्व्हरचा मुख्य पासवर्ड) वहीत लिहू नका, तो बंद पाकिटात तुमच्या तिजोरीत. ही वही कपाटात कुलूप लावून ठेवू नका हो, सर्व्हरशेजारी ठेवा, नवीन माणसाला ती मिळाली तर तासाभरात काम सुरू होतं, नाहीतर अर्धा दिवस शोधण्यातच जातो.

एकच कंपनी का काढत नाही असं बरेच जण विचारतात. ऑफिसचं भाडं आणि मार्केटिंगचा माणूस शेवटी तुमच्याच बिलात येतो, आणि मोठ्या कंपनीत आज आलेला मुलगा उद्या दिसत नाही. मुद्दा असा आहे की आम्ही सहाही जण उद्या नसलो तरी तुमचं अडू नये. ईआरपीनेक्स्ट मुंबईत तयार झालेलं, जीपीएल या मुक्त लायसन्सखाली, कोड सगळ्यांना खुला आणि डेटा तुमच्याच मशीनवर, त्यामुळे कुणीही जाणकार ते पुढे चालवू शकतो. लायसन्सचे पैसे नाहीत, आमच्या वेळेचे आहेत, हे मात्र आधीच सांगतो.

पिंपळगाव आणि दिंडोरीच्या द्राक्षवाल्यांसाठी: जानेवारी ते एप्रिल आम्ही कुठलंही अपग्रेड करत नाही, फक्त दुरुस्ती. बदल करायचे असतील तर दिवाळीच्या आधी बोला.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि बऱ्याच जुन्या पीसीवर ११ बसत नाही. भंगारात काढण्याआधी एक मशीन आम्हाला दाखवा, नुसतं बिलिंग आणि मेल असेल तर लिनक्सवर ते छान चालतं. नाशिक शहर, सातपूर आणि अंबडला पहिल्या भेटीचे पैसे घेत नाही, सिन्नर किंवा पिंपळगावला यायचं तर फक्त पेट्रोलचे द्या.