हँडल हळू मारलं की इंजिन का रुसतं?

गुहागरला काकांच्या पोफळीच्या वाडीत शिंपण्यासाठी एका सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं. थंडीतल्या सकाळी मी दोन्ही हातांनी हँडल धरून फिरवायचो आणि ते नुसतं फस्स करून थांबायचं. “दळण दळतोयस काय रे?” म्हणत काका मला बाजूला सारत. व्हॉल्व्ह (हवेची झडप) उघडा धरणारा खटका वर करून, म्हणजे हवा दाबली न जाता हँडल हलकं फिरावं म्हणून, चाकाला चांगली गती येईपर्यंत हँडल मारत आणि मग खटका सोडत. लगेच धडधड सुरू.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा दाबून इतकी तापवायची, की तिच्यात मारलेला डिझेलचा फवारा आपसूक पेटावा. रुडॉल्फ डिझेल यांचं १८९३चं पेटंट याच कल्पनेवर आहे. हवा तापते ती काही घर्षणाने नव्हे. सिलिंडरमध्ये वर येणाऱ्या दट्ट्यावर (पिस्टनवर) आदळलेले रेणू आधीपेक्षा जास्त वेगाने परततात, आणि रेणूंचा वेग वाढणं म्हणजेच हवा तापणं. २७ अंशांची हवा सतराव्या हिश्शात कोंबली आणि तिची उष्णता जराही बाहेर गेली नाही, तर हिशेबाने ती ६५० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते.

पण उष्णता जातेच. सिलिंडरचं लोखंड गार असतं; भिंतीलगतचा हवेचा पातळ थर आधी निवतो, मग आतली उष्णता तिकडे ओढली जाते. किती जाईल हे वेळेवर ठरतं. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर दट्ट्या ०.०२ सेकंदात वर येतो. माझ्या हाताने जेमतेम १०० फेरे व्हायचे, म्हणजे ०.३ सेकंद. लोखंडाला उष्णता गिळायला पंधरापट सवड! शिवाय तेवढ्यात दट्ट्याभोवतीच्या रिंगांच्या फटींतून थोडी हवाही निसटते. दट्ट्या अगदी गोगलगायीसारखा सरकला असता, तर हवा लोखंडाइतकीच गार राहिली असती.

लहान इंजिनाचं दुखणं आणखी मोठं. पातेल्यातली पेज गरम राहते, वाटीतली निवते, तसंच इथे. आकारमान कमी, त्या मानाने भिंत जास्त.

दहाला चहासाठी बंद केलेलं इंजिन मात्र माझ्या हातूनही पहिल्या दमात सुरू व्हायचं. भिंती तापलेल्या असायच्या. मला वाटायचं, जमलं आपल्याला.