मानेवरचा हात: तणावाच्या डोकेदुखीवर फिजिओथेरपी कशी आली

डोके जड झाले की गोव्यातल्या घरांत अजूनही आधी खोबरेल तेलाची वाटी पुढे येते. कपाळाला सुंठीचा लेप, डोक्याभोवती घट्ट आवळलेले फडके आणि मानेच्या मागे फिरणारा आजीचा अंगठा. म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या फिजिओथेरपिस्टची बोटेही कवटीच्या तळाशी त्याच जागी टेकतात. दिसायला दोन्ही सारखे, पण दोन्हींची वंशवेल वेगळी आहे.

फिजिओथेरपीचे एक मूळ स्वीडनमध्ये आहे. पेर हेन्रिक लिंग यांनी 1813 मध्ये स्टॉकहोमला व्यायामशिक्षणाची संस्था काढली आणि तिथून व्यायाम व मर्दन यांची जोडी युरोपभर गेली. 1894 मध्ये इंग्लंडमधल्या चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालीशकर्मींची संस्था स्थापन केली. मालीशच्या नावाखाली चालणाऱ्या गैरधंद्यांमुळे त्यांच्या कामाकडे संशयाने पाहिले जात होते. सांधे हाताने हलवण्याची विद्या मात्र अमेरिकेतून आली. हाडे-सांध्यांवर हाताने उपचार करणारी अँड्र्यू टेलर स्टिल यांची ऑस्टिओपॅथी 1874 ची, पाठीचा कणा हाताने सरळ करू पाहणारी डी. डी. पामर यांची कायरोप्रॅक्टिक 1895 ची. त्यांचे बरेचसे सिद्धांत पुढे टिकले नाहीत. हातांची तंत्रे मात्र उरली, आणि विसाव्या शतकात नॉर्वेचे काल्टेनबोर्न, ऑस्ट्रेलियाचे मेटलंड यांच्यासारख्या फिजिओथेरपिस्टांनी ती फिजिओथेरपीत शिस्तीने बसवली.

भारतात या विद्येला पोलिओने वाट करून दिली. 1952 मधल्या मुंबईतल्या साथीनंतर 1953 मध्ये केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता. पणजीची वैद्यकीय शाळा 1842 पासूनची असली तरी हा नवा प्रवाह सीमेपलीकडे वाढत राहिला. मुक्तीनंतर 1963 मध्ये त्या शाळेचे गोवा मेडिकल कॉलेज झाले. ते पुढे बांबोळीला गेले.

आता प्रत्यक्ष दुखण्याकडे, म्हणजे तणावाच्या डोकेदुखीकडे. दोन्ही बाजूंनी डोके आवळल्यासारखे होते, पण ठणकत नाही. जिना चढल्याने वाढत नाही, उलटी होत नाही. अर्धा तास ते सात दिवस टिकते. 1962 मध्ये अमेरिकी तज्ज्ञ समितीने या दुखण्याला स्नायूंच्या आकुंचनाची डोकेदुखी म्हटले. मान आखडते म्हणून डोके दुखते, तर मान मोकळी करा: हे पटण्याजोगे होते आणि हाताच्या उपचाराला भक्कम आधार देणारेही. पण स्नायूंतली विद्युत हालचाल मोजल्यावर ती बऱ्याच रुग्णांत जेमतेम वाढलेली किंवा सामान्यच निघाली, आणि वेदनेच्या तीव्रतेशी तिचा मेळ बसेना. 1988 च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने म्हणून ते जुने नाव सोडून दिले.

एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा दिसत राहिली. या रुग्णांच्या मानेचे, खांद्यांचे, कानशिलांचे स्नायू दाबले की दुखतात, आणि दुखणे जितके वारंवार तितका हा हळवेपणा जास्त. महिन्यातले 15 किंवा अधिक दिवस डोके दुखणाऱ्यांत मेंदू व मज्जारज्जूतली वेदनेची यंत्रणाच संवेदनशील झालेली असते, असे डेन्मार्कमधल्या संशोधनातून पुढे आले. माझ्या मते या इतिहासातले हे सर्वांत मोलाचे वळण आहे. त्यानंतर स्नायूतली 'गाठ मोडणे' हे उद्दिष्ट पुरेसे राहिले नाही. 2010 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनीही प्रामाणिकपणे लिहिले की फिजिओथेरपी उपयोगी ठरू शकते, पण भक्कम पुरावा अजून नाही.

इथे संमोहनाचा अभ्यास करणारे कांदोळीचे पाद्री आबे फारिया आठवतात. माणसाला संमोहित करणारी शक्ती प्रयोग करणाऱ्याच्या हातातून वाहत नाही, ती समोरच्याच्या मनात जागते, असे त्यांनी पॅरिसमध्ये 1819 च्या सुमारास मांडले. फिजिओथेरपिस्टच्या स्पर्शातही रुग्णाच्या विश्वासाचा वाटा असतो, आणि तो नाकारण्यात काही भूषण नाही. त्यासाठी मात्र रुग्णाला खरे सांगितले पाहिजे.

म्हणून चांगला उपचार आज फक्त टेबलावर होत नाही. मऊ दाब, सांध्यांची हळुवार हालचाल, मग मानेच्या पुढच्या खोल स्नायूंचे आणि खांद्यांचे व्यायाम, जे घरी रोज करायचे. तासन् तास आदोळीवर (विळीवर) वाकलेल्या बाईला आणि लॅपटॉपपुढे बसलेल्या तिच्या मुलीला व्यायाम एकच लागू पडेल असे नाही. मान झटक्याने 'कट्' वाजवून घेण्याचा आग्रह धरू नये. क्वचित का होईना, त्यात मानेच्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 किंवा अधिक दिवस घेतल्या जात असतील तर गोळीच दुखणे टिकवत असू शकते, हे आधी डॉक्टरांशी बोलावे. अचानक उठलेली असह्य कळ, तापासह ताठलेली मान, हातापायातली कमजोरी किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी असेल तर फिजिओथेरपिस्टकडे न जाता थेट रुग्णालय गाठावे.

किनाऱ्यावरच्या मसाज पार्लरांच्या पाट्यांत प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट वेगळा ओळखू यावा, याची कायदेशीर तरतूद 2021 च्या केंद्रीय कायद्याने केली. सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग आणि राज्य परिषदा त्यात आहेत, नोंदणीही आहे. तरीही पदवी कोणत्या महाविद्यालयाची, हे पहिल्याच भेटीत विचारावे.