गुलबर्गा ते बिदर : बहमनी राजधानीच्या स्थलांतराची पार्श्वभूमी

बहमनी राज्याची स्थापना १३४७ मध्ये दौलताबादला झाली, पण पहिला सुलतान अलाउद्दीन हसन याने लवकरच गुलबर्ग्याला राजधानी केली आणि पुढची जवळजवळ ऐंशी वर्षे राज्याचा कारभार तेथूनच चालला. ही घडी नवव्या सुलतानाने, म्हणजे पहिल्या अहमदशाहाने मोडली. बिदरला दरबार नेमका कोणत्या वर्षी हलला याविषयी मतभेद असून १४२४ पासून १४३० पर्यंतची निरनिराळी वर्षे दिली जातात. मात्र किल्ल्याचे मुख्य बांधकाम १४३२ च्या सुमारास पुरे झाले, असे सामान्यतः मानले जाते.

स्थलांतराचे कारण म्हणून फारसी इतिहासकार फिरिश्ता एक शिकारीची कथा सांगतो. बिदरच्या परिसरात एक कोल्हा शिकारी कुत्र्यांवर उलटला, तेव्हा या मातीतच शौर्य आहे असे सुलतानाला वाटले. जवळपास हीच कथा ससा आणि कुत्रा यांच्या रूपाने अहमदाबादविषयी आणि विजयनगरविषयीही सांगितली जाते, त्यामुळे तिच्यावर फार विसंबण्यात अर्थ नाही.

खरी कारणे गुलबर्ग्यातच शोधावी लागतात. अहमदशाहाचा थोरला भाऊ फिरोजशाह विजयनगरविरुद्धच्या पानगलच्या मोहिमेत पराभूत होऊन खचला होता आणि आपल्यामागे मुलगा हसनखान गादीवर यावा, अशी त्याची इच्छा होती. शहरात मोठा अनुयायीवर्ग असलेले सूफी संत ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांनी मात्र अहमदचा पक्ष घेतला. १४२२ मध्ये भावाच्या फौजेला हरवून अहमदने गादी मिळवली. फिरोजशाह आणि गेसूदराज हे दोघेही त्याच वर्षी वारले. नव्या सुलतानाच्या वाट्याला जे शहर आले, तेथे पदच्युत भावाचे निष्ठावंत होते आणि ज्याच्या आशीर्वादाने गादी मिळाली त्या संताचा दर्गाही होता. असे ऋण राजाला सोयीचे नसते. अहमदशाहाने पुढे इराणातील किरमानच्या शाह नियामतुल्लाह यांच्याकडे निमंत्रण पाठवले, त्यांचा नातू नूरुल्लाह आल्यावर त्याला आपली मुलगी दिली आणि दरबारात त्याचे स्थान गेसूदराजांच्या वंशजांच्याही वर ठेवले. यावरून या स्थलांतरामागे जुन्या शहराच्या पकडीतून सुटण्याचा हेतू प्रबळ होता, असे मला वाटते.

भूगोलाचाही त्यात वाटा होता. बिदर जांभ्या दगडाच्या उंच पठाराच्या कडेला वसलेले असून तेथील हवा गुलबर्ग्यापेक्षा थंड आणि पाणी मुबलक होते. शिवाय १४२५ मध्ये वरंगळ जिंकल्यावर राज्य पूर्वेकडे वाढले होते आणि मराठी, कन्नड व तेलुगू या तिन्ही मुलखांच्या सांध्यावरील बिदरहून ते सांभाळणे सोपे होते. तेथे जुना किल्ला होताच, १३२२ मध्ये तो तुघलकांच्या हाती गेलेला होता. अहमदशाहाने त्याच्याभोवती नवी तटबंदी उभारली, काही भागात कातळ फोडून तिहेरी खंदक खणवला आणि नगराला मुहम्मदाबाद हे नाव दिले.

नव्या दरबाराबरोबर माणसेही नवी आली. इराण, इराक आणि मध्य आशियातून आलेल्या या लोकांना आफाकी म्हणत. अहमदशाहाला गादी मिळवताना साथ देणारा बसऱ्याचा व्यापारी खलफ हसन हा त्यांतलाच. त्याला मलिक-उत-तुज्जार (व्यापाऱ्यांचा प्रमुख) हा किताब मिळाला. आधीपासून स्थायिक असलेल्या दखनी सरदारांना ही भरती खुपू लागली. पुढे दुसऱ्या अलाउद्दीनच्या कारकिर्दीत चाकण येथे आफाकींची कत्तल झाली आणि १४८१ मध्ये आफाकी वजीर महमूद गावान याचा बळी गेला, तोही याच वैरातून रचलेल्या बनावट पत्राच्या कटामुळे. त्यानंतर सुभेदार एकेक करून स्वतंत्र झाले, बिदर बरीदशाहीकडे राहिले आणि गुलबर्गा विजापूरच्या आदिलशाहीत गेले.