ट्रोम्बोनची स्लाइड अडकतेय? तेल ओतण्याआधी हे वाचा

ट्रोम्बोन या पितळी वाद्याचा सूर पुढे-मागे सरकणाऱ्या नळीने, म्हणजे स्लाइडने, बदलतो. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक ट्रोम्बोनची तक्रार एकच असते, "स्लाइड जड चालते." आणि आणण्याआधी तिच्यात शिलाई मशीनचं तेल किंवा खोबरेल ओतलेलं असतं. कृपया तसं करू नका. त्यावर धूळ बसून चिकट थर होतो, आणि तो निघेपर्यंत नळीतला पोचा आम्हाला दिसतच नाही. पॉलिश तर आतल्या नळ्यांना (ज्यांवर बाहेरची स्लाइड सरकते) अजिबात नको. क्रोम झिजलं की खर्च मोठा.

जॅझ वाजवणाऱ्यांना याचा त्रास जास्त. जुन्या जॅझमधला ट्रोम्बोनवादक किड ओरीच्या न्यू ऑर्लीन्स ढंगाचा पूर्ण ग्लिसांडो (सुरावरून सुरावर घसरत जाणं) सातव्या पोझिशनपासून (स्लाइड पूर्ण बाहेर) पहिलीपर्यंत (पूर्ण आत), म्हणजे सहा अर्धस्वर, एका ओघात चढतो. मध्ये जराशी अडकली की लगेच कानाला खटकतं. ट्रोम्बोनवादक जे. जे. जॉन्सनने १९४०च्या दशकात बीबॉप या वेगवान जॅझ शैलीच्या वेगात जे वाजवलं, ते जड स्लाइडवर जमणारं नाही.

घरी एवढंच करा. बाहेरची स्लाइड काढा, कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घालून लवचीक ब्रशने आतून घासा, धुवा. आतल्या नळ्या मऊ कापडाने कोरड्या पुसा. त्यांच्या टोकाकडचा किंचित जाड भाग असतो, फक्त तिथे मुगाच्या दाण्याएवढं स्लाइड क्रीम चोळा आणि वरून पाण्याचा फवारा मारा.

तरी अडकते? मग एका वेळी एकच नळी तिच्या जोडीदार नळीत घालून सरकवा. एकाच जागी अडखळली तर तिथे पोचा आहे. दोन्ही एकेकट्या सुरळीत आणि एकत्र जड, तर नळ्या समांतर राहिलेल्या नाहीत. हाताने दाबून सरळ करायला जाऊ नका. आम्ही त्या सपाट प्लेटवर तपासतो आणि पोचा आतून सळई घालून काढतो. म्हणून "उभ्या उभ्या करून द्या" म्हटलं तरी वाद्य ठेवून घ्यावंच लागतं. साफसफाईचे पैसे वेगळे लावतो ते त्या तेलापायी.

बहुतेक पोचे स्लाइडचं लॉक (तिला जागी धरणारी कडी) न लावता वाद्य उचलल्याने पडतात. बाहेरची स्लाइड सुटते आणि थेट फरशीवर आपटते.

क्रीम, ब्रश आणि वा-वा आवाजासाठी रबरी प्लंजर आमच्याकडे मिळतात. जॅझसाठी नवं वाद्य घेणार असाल तर १२.७ ते १२.९ मिमी बोअरचं (नळीचा आतला व्यास) बघा, सिम्फनीवाल्यांचं १३.९ मिमीचं जास्त हवा मागतं.

माउथपीस (फुंकायचा सुटा भाग) अडकला तर पकडीने पिळू नका, नळीच्या जोडांची झाळ सुटते. घेऊन या, पुलरने (तो ओढून काढायच्या अवजाराने) काढून देतो, त्याचे पैसे घेत नाही.