द्वारकाचा सिग्नल, कसारा घाट आणि हायब्रीडचा हिशोब

परवा मेव्हण्याबरोबर त्याच्या गाडीची पीयूसी काढायला गेलो होतो. तिथल्या पोऱ्याने सायलेन्सरमध्ये नळी खुपसली, नंबर प्लेटचा फोटो काढला, मशीनवर आकडे आले आणि कागद बाहेर, दोन मिनिटांत काम फत्ते. तेवढ्यात मेव्हण्याने विषय काढला, "दाजी, आता नवीन गाडी हायब्रीडच घेतो, पेट्रोल इंजिन पण आणि बॅटरीवरची मोटर पण, पेट्रोल पण वाचेल आणि प्रदूषण पण नाही." मागे स्कूटरवर बसलेले एक काका लगेच म्हणाले, कसलं हायब्रीड घेऊन बसलात, शेवटी पेट्रोलच जळतं ना त्यात, घ्यायची तर सरळ इलेक्ट्रिक घ्या. मग पोऱ्या पण चर्चेत उतरला. अर्धा तास भांडलो आम्ही, आणि घरी येताना माझ्या लक्षात आलं की प्रत्येक जण वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत होता.

गाडीच्या मागून जे निघतं त्यात दोन भानगडी आहेत. एक म्हणजे विषारी माल: कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन म्हणजे हायड्रोकार्बन, नायट्रोजनचे ऑक्साइड ज्यांना इंजिनवाले लोक नुसतं 'नॉक्स' म्हणतात, आणि काजळीचे बारीक कण. याचा त्रास तिथल्या तिथे, गाडीच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला. दुसरी भानगड कार्बन डायऑक्साइडची. त्याने नाशकातल्या द्वारका चौकात उभा असलेला माणूस खोकत नाही, पण पृथ्वी तापते, आणि एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो तयार होतोच, इंजिन कितीही भारी असलं तरी. एका लिटरचं वजन पाऊण किलो, मग धूर सव्वादोन किलोचा कसा? तर कार्बन पेट्रोलमधला आणि ऑक्सिजन हवेतला, जास्तीचं वजन त्या ऑक्सिजनचं.

आता पीयूसीच्या मशीनने यातलं काय मोजलं? गाडी जागेवर उभी ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. डिझेल असती तर धुराचा काळेपणा. नॉक्स मोजलाच नाही आणि कार्बन डायऑक्साइडवर गाडी पास-नापास होत नाही. त्यामुळे "माझी पीयूसी क्लीन आहे" याचा अर्थ फार तर एवढाच की इंजिन अगदीच बोंबललेलं नाही.

विषारी मालाचा खरा कायदा म्हणजे भारत स्टेज (बीएस), आणि तो गाडी शोरूममध्ये यायच्या आधीच लागतो. १ एप्रिल २०२० ला आपण बीएस ४ वरून थेट बीएस ६ वर उडी मारली, पाच नंबर गाळला. डिझेल कारसाठी नॉक्सची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली आणि कणांची २५ वरून साडेचार. इंधनातला गंधक ५० पीपीएमवरून (म्हणजे दहा लाख भागांत ५०) १० वर आणला, कारण गंधक जास्त असला की धूर साफ करणारं यंत्रच खराब होतं. ज्या नाशकात अख्खा चौक डिझेल इंजिनात इंधन फवारणारे नोझल आणि इंजेक्टर बनवणाऱ्या कारखान्याच्या नावाने मायको सर्कल म्हणून ओळखला जातो, तिथे हे आकडे कोरडे नाहीत. नॉर्म्स बदलले की इंजेक्टर बदलतो, इंजेक्टर बदलला की सातपूरच्या लाईनवरचं मशीन बदलतं, आणि मशीन बदललं की कोणाची तरी शिफ्टसुद्धा.

कार्बनसाठी वेगळा कायदा आहे, त्याला कॅफे म्हणतात (कॉलेज रोडवरचा नाही). तो एका गाडीला लागतच नाही, कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या सरासरीला लागतो. २०२२-२३ पासून या सरासरीची मर्यादा साधारण ११३ ग्रॅम प्रति किलोमीटर, म्हणजे पेट्रोलच्या भाषेत लिटरला वीसच्या आसपास. यात एक गंमत आहे, गाड्यांचं सरासरी वजन जास्त तर मर्यादा सैल. जड एसयूव्ही विकणाऱ्याला सूट, हे मला तरी पटत नाही. आणि सरासरी काढताना स्ट्राँग हायब्रीड एक विकली तर दोन धरतात, इलेक्ट्रिक एक विकली तर तीन. शोरूममध्ये ज्या गाडीची इतकी भलामण चालते ना, तिच्यामागे हे पण गणित असतं.

हे ग्रॅम मोजतात कुठे? लॅबमध्ये, रोलरवर. त्या चाचणीच्या पद्धतीचं नाव मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल, शॉर्टफॉर्म एमआयडीसी! आपल्याला एमआयडीसी म्हटलं की सातपूर-अंबड आठवतं, पण ही एमआयडीसी वीस मिनिटांची, जास्तीत जास्त वेग ताशी ९०, रस्त्यात खड्डा नाही, गाय नाही, उलटी घुसलेली रिक्षा नाही. ठरलेली परीक्षा असली की पेपर पाठ करणारे निघतातच, २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं ते हेच, गाडीतलं सॉफ्टवेअर ओळखायचं की आपली टेस्ट चालू आहे आणि तेवढ्यापुरतं सोवळं नेसायचं, रस्त्यावर आलं की नॉक्स काही पटींनी जास्त, काही ठिकाणी तर चाळीस पट. त्यानंतर जगभर खऱ्या रस्त्यावर मशीन लावून मोजायचा आग्रह वाढला, आपल्याकडे एप्रिल २०२३ पासून ते लागू झालं.

बरं, हायब्रीड. आधी एक खबरदारी, मागे हायब्रीडचा बिल्ला लावलेल्या सगळ्याच गाड्या एका जातीच्या नसतात. माइल्ड हायब्रीडमध्ये छोटी मोटर इंजिनला नुसता हातभार लावते, एकटी गाडी ओढू शकत नाही. स्ट्राँग हायब्रीड काही अंतर निव्वळ मोटरवर चालते. मेव्हण्याच्या मनात दुसरी होती, नशीब.

ही पेट्रोल वाचवते कसं, ते सिग्नलवर बघा. दीड टनाच्या आसपासची गाडी ताशी ५० ने जातेय आणि लाल लागला. ब्रेक दाबला की तिच्या वेगातली सगळी ऊर्जा ब्रेकच्या डिस्क तापवण्यात जाते. तो वेग परत मिळवायला इंजिनाला साधारण १५ ते २० मिली पेट्रोल लागतं, म्हणजे स्वयंपाकघरातला एक मोठा चमचा भरून. दर सिग्नलला एक चमचा पेट्रोल रस्त्यावर ओतायचं म्हटलं तर जीव वर येईल, पण आपण रोज तेच करतो. हायब्रीडमध्ये ब्रेक लावताना मोटर उलटी जनरेटर होते आणि त्यातला बराचसा भाग बॅटरीत परत टाकते. सगळा नाही, मोटर कट घेते, बॅटरी कट घेते.

दुसरी बचत जरा आतली आहे. पेट्रोल इंजिन रेंगाळत चालवलं की फार वाया घालवतं, कारण थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ बंद असतो आणि इंजिनाला हवा अक्षरशः फटीतून ओढावी लागते, नाकपुड्या चिमटीत धरून पळायला सांगितल्यासारखं. हायब्रीड म्हणते, रेंगाळायचं काम मोटरकडे द्या, इंजिन चालू करायचंच तर नीट लोडवर करा. शिवाय यात बहुतेक वेळा ॲटकिन्सन पद्धत वापरतात, जेम्स ॲटकिन्सनची मूळ कल्पना १८८२ ची, त्यात गॅस दाबला जातो कमी आणि फुलू दिला जातो जास्त, म्हणजे तेवढ्याच पेट्रोलमधून काम जास्त. अशा इंजिनात ओढ कमी असते म्हणून ते कारमध्ये कोणी फारसं घेत नव्हतं. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात टोयोटाची प्रायस आली तिने मोटर शेजारी बसवून ती उणीव भरून काढली.

म्हणून द्वारका, मुंबई नाका, सीबीएस, त्र्यंबक नाका असा रोजचा प्रवास असेल तर हायब्रीड सोनं आहे. पण हीच गाडी घेऊन मुंबईला निघालात की गणित बदलतं. हायवेला ९० ने सरळ जाताना ब्रेकच नाही तर परत काय मिळणार. आणि कसारा घाट? मला वाटायचं उतारावर तर मजा असेल. हिशोब करून बघितला. घाटात साधारण ३०० मीटर खाली उतरतो, चार माणसांसकट गाडी १६०० किलो धरली तर त्या उतारात विजेच्या बिलातल्या सव्वा युनिटपेक्षा थोडी जास्त ऊर्जा आहे. अशा हायब्रीडची बॅटरी असते साधारण पाऊण युनिटची, आणि तिचं आयुष्य टिकावं म्हणून त्यातला अर्धाच भाग वापरतात. टायरने आणि हवेने आपला वाटा खाल्ला तरी घाटाच्या तळाला पोचायच्या आधीच बॅटरी भरू शकते, मग उरलेला उतार नेहमीसारखा इंजिन ब्रेकिंगवर.

आता काकांचा मुद्दा, सरळ इलेक्ट्रिक का नाही. मध्यम इलेक्ट्रिक कारला शंभर किलोमीटरला १५ युनिट धरू. आपल्या देशाच्या वीज ग्रिडला एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, कारण अजून कोळशाचंच राज्य आहे. तारांमधली गळती धरली तर किलोमीटरला १२० ग्रॅमच्या आसपास. लिटरला २३ देणारी हायब्रीड शंभर ग्रॅम सोडते, पण पेट्रोल खणायचा, शुद्ध करायचा, टँकरने आणायचा खर्च धरला की ती पण १२० च्या आसपासच. म्हणजे आज जवळपास बरोबरी! त्यात ४० युनिटची बॅटरी बनवतानाच अडीच-चार टन कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो, हायब्रीडची बॅटरी इतकी छोटी की तो प्रश्नच नाही.

मग मी हायब्रीडच्या बाजूने? कार्बनपुरतं आजच्या तारखेला हो, पण ग्रिडवर सोलर वाढत गेलं तर तीच इलेक्ट्रिक गाडी दहा वर्षं जुनी होऊन जास्त स्वच्छ होईल, हायब्रीड मात्र लिटरला २.३ किलो सोडतच राहणार. आणि ज्याच्या छतावर सोलर आहे त्याने हा परिच्छेद वाचूच नये. विषारी मालाचं म्हणाल तर इलेक्ट्रिकच्या मागे उभं राहून खोकायचं कारणच नाही, तो धूर एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीसारख्या ठिकाणी निघतो. एकलहरे गावाला विचाराल तर ते ही वाटणी न्याय्य म्हणणार नाहीत.

सरकारने मात्र निकाल आधीच लावलाय. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के, चार मीटरहून मोठ्या हायब्रीडवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के, म्हणजे त्याच मापाच्या साध्या पेट्रोल गाडीइतकाच. उत्तर प्रदेशने २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रीडचा रजिस्ट्रेशन टॅक्स माफ केला होता. माझ्या मते ५ आणि ४० च्या मध्ये कुठेतरी हायब्रीडची जागा आहे, कारण लिटरला १५ ऐवजी २३ म्हणजे वर्षाला १५ हजार किलोमीटरवर जवळपास साडेतीनशे लिटर पेट्रोल जळत नाही, आठशे किलो कार्बन डायऑक्साइड.

आणि कारवाल्यांनी एकमेकांवर बोटं दाखवताना पिंपळगावच्या मार्केटबाहेर जानेवारीत उभी असलेली ट्रॅक्टरची रांग पण बघावी. ट्रॅक्टरला बीएस ६ लागत नाही, त्यांचे नॉर्म्स वेगळे, २०२३ मध्ये जे कडक केले ते ५० हॉर्सपॉवरच्या वरच्यांना, आणि आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर त्याच्या खालचे.

रात्री मेव्हण्याचा परत फोन, "मग दाजी, घेऊ का नको?" मी विचारलं, तुझं महिन्याचं किलोमीटर किती आणि त्यातलं नाशकातलं किती? तो म्हणाला थांबा, हिला विचारतो. अजून आकडा आलेला नाही.