झोपेच्या तक्रारी आणि हृदयाचं आरोग्य (बेळगाव सीमाभाग)

झोप न लागणं, सारखी मोडणं, झोपेत श्वास अडकणं किंवा कामापायी झोपच पुरी न होणं, या सगळ्याचा हृदयाशी थेट संबंध आहे आणि तो दोन्हीकडनं चालतो, म्हणजे झोप बिघडली की हार्टवर ताण येतो आणि हार्ट बिघडलं की झोप उडते. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१० मध्ये हृदयासाठी सात गोष्टींची यादी केली, त्यात जेवण, व्यायाम, तंबाखू, वजन, साखर, कोलेस्टेरॉल, बीपी सगळं होतं, झोप नव्हती. ती आठवी म्हणून २०२२ ला आली, मोठ्या माणसाला ७ ते ९ तास. आपल्याकडं मात्र अजूनही बीपी तपासायला गेलेल्याला मीठ किती खाता विचारतात, झोपता किती ते क्वचितच कोण विचारतं.

चांगल्या झोपेत बीपी दिवसापेक्षा साधारण १० ते २० टक्के उतरतं, नाडी मंद होते, हृदयाला खरी विश्रांती मिळते ती तेव्हाच. काहींचं बीपी रात्री उतरतच नाही, त्यांना हार्ट अटॅक आणि लकव्याचा धोका जास्त असतो. दिवसा दवाखान्यात मोजून हे कळत नाही, दंडाला पट्टा बांधून २४ तासांचं रेकॉर्ड काढावं लागतं.

सगळ्यात दुर्लक्षित तक्रार म्हणजे स्लीप अॅप्निया. झोपेत जीभ आणि घशाचे स्नायू ढिले पडून श्वासाची वाट बंद होते, छाती-पोट हलत असतं पण हवा आत जात नाही, १० सेकंद, कधी त्याहून बरंच जास्त. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकवून जागं करतो, बीपी एकदम उसळतं आणि परत तेच चालू. असं तासाला ५ ते १५ वेळा झालं तर सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर गेलं तर तीव्र म्हणतात. सकाळी त्या माणसाला यातलं काही आठवत नाही, तो म्हणणार, 'आठ तास झोपलो की, खरं डोकं जड आहे.' कळतं ते शेजारी झोपलेल्याला. घोरण्याचा आवाज चढत चढत जातो, मधेच तुटतो, काही वेळ काहीच ऐकू येत नाही आणि मग घुसमटल्यासारखा मोठ्ठा श्वास. 'घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय' हा आपल्या घराघरातला समज म्हणूनच धोक्याचा. बायकांच्या बाबतीत तर आणखी वाईट, एकतर त्यांच्यात घोरण्यापेक्षा थकवा, डोकेदुखी, झोप न लागणं अशी लक्षणं जास्त दिसतात, पाळी गेल्यावर धोका वाढतो, आणि सासू किंवा आई घोरते हे डॉक्टरांसमोर बोलायचीच घरात लाज वाटते.

तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी ताब्यात येत नसेल तर अॅप्निया आहे का बघायलाच पाहिजे. हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा एट्रियल फिब्रिलेशन हा आजारही अशा लोकांत जास्त आढळतो. मानेचा घेर ४० सेंटीमीटरच्या वर, वजन जास्त, दिवसा बसल्या बसल्या पेंग, असं असेल तर शंका पक्की धरावी.

सीमाभागात झोप मोडायला नुसता आजारच लागत नाही. चिकोडी, अथणी, रायबाग भागात पंपाचा थ्री फेज करंट रात्रीच्या पाळीत आला की माणूस मध्यरात्री बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला जातो आणि पहाटे परत धारा काढायला उठतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीची थर्ड शिफ्ट, वडगाव-खासबागचे माग, गाळप हंगामात कारखान्यावर रात्रभर लागलेल्या ट्रॅक्टरच्या रांगा, हायवेवरचे ट्रक ड्रायव्हर, यादी मोठी आहे. वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्यांत हृदयविकाराचं प्रमाण जास्त असतं हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. त्यात जागं राहायला तंबाखू किंवा विडी, निपाणीचा सगळा पट्टाच तंबाखूचा, आणि निकोटीन झोपही उडवतं आणि रक्तवाहिन्याही आवळतं. दारूनं झोप लागते असं वाटतं, पण घसा आणखी ढिला पडतो आणि अॅप्निया वाढतो. या लोकांना 'लवकर झोपा' म्हणून सांगणं सोपं आहे हो, करंटची पाळी दिवसा द्या असं मागणं हे पण आरोग्याचंच मागणं आहे.

उलटी बाजू बघायची तर, हृदयाची ताकद कमी झालेल्या माणसाला आडवं पडलं की दम लागतो. एका उशीच्या दोन होतात, दोनाच्या तीन, शेवटी भिंतीला टेकून रात्र काढतात, किंवा झोपून दोन-एक तासांनी धाप लागून उठून खिडकीत जाऊन बसतात. घरचे म्हणतात दमा असेल, म्हातारपण असेल. ते हार्ट फेल्युअर असू शकतं, तपासून घ्यावं. अशा लोकांना अंगातलं पाणी काढायला दिलेली लघवीची गोळी संध्याकाळी घेतली की रात्रभर उठावं लागतं, ती सकाळी घेतली तर चालेल का हे डॉक्टरांना विचारावं, मनानं बदलू नये.

अॅप्नियावरचं सीपॅप मशीन १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात कोलिन सुलिव्हन यांनी आणलं, मास्कमधनं हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं. मात्र आधीच हृदयविकार किंवा लकवा झालेल्यांवरच्या २०१६ च्या मोठ्या चाचणीत मशीननं पुढचे अटॅक कमी झालेले दिसले नाहीत, लोकांनी ते रात्रीला सरासरी साडेतीन तासही वापरलं नव्हतं, दिवसाची पेंग आणि घोरणं मात्र कमी झालं. त्यामुळं मशीन घेतलं म्हणून बीपीची गोळी सोडायची नाही आणि वजन उतरवणं टाळायचं नाही. नुसत्या निद्रानाशाला पहिला उपाय सवयी आणि विचार बदलायची थेरपी, मेडिकलमधनं आपल्या मनानं आणलेली झोपेची गोळी नव्हे.

झोपेच्या तपासणीला बेळगावात नाहीतर निपाणीकडचे कोल्हापूरला जातात. जाताना एकाच खोलीत झोपणाऱ्याला बरोबर घ्यावं, घोरण्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून न्यावा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. आणि रात्री छातीत दाब, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ असं काही झालं तर पित्त म्हणून सोडा पिऊन उजाडायची वाट बघू नये, लगेच १०८ ला फोन करावा.